पाइपाबाहेरचं पाणी

लग्न ठरायच्या आधी मामा, म्हणजे माझे सासरे, आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी माझा पगार विचारला नाही. शिक्षणही विचारलं नाही, ते बरंच झालं. चहा झाल्यावर ते उठले, मागच्या दारी गेले आणि बराच वेळ आलेच नाहीत. माझ्या आईला वाटलं, मुलगा पसंत पडला नाही, पाहुणे मागच्या मागे निघून गेले. मी बघायला गेलो तर मामा गुडघ्यांवर बसून, आमच्या गटाराचं झाकण उचलून आत वाकून बघत होते. म्हणाले, उतार चांगला दिलाय, कुणी केलं काम? म्हटलं, वडिलांनी शेजारी उभं राहून करून घेतलं. मामा हात धुऊन आत आले आणि मामींना म्हणाले, घर चांगलं आहे. माझं लग्न एका गटारामुळे जुळलं हे मी चारचौघांत सांगतो आणि बायको दर वेळी टेबलाखालून मला पाय मारते.

मामा नगरपालिकेच्या ड्रेनेज खात्यात होते. गटारांचे नकाशे काढायचे आणि चर खणला की त्याचा उतार मोजायचा, हे काम त्यांनी चौतीस वर्षं केलं. उतार मोजायच्या यंत्रावर काचेची बोटाएवढी नळी असते आणि तिच्यात एक बुडबुडा. तो मधोमध आला की यंत्र सपाट बसलं. मामा त्या बुडबुड्याकडे इतका वेळ बघत राहायचे की खात्यात त्यांचं नावच बुडबुडा पडलं. साहेब लोकसुद्धा पाठीमागे "बुडबुड्याला विचारा" म्हणत. मामांना ते ठाऊक होतं. म्हणायचे, वाईट काय त्यात, मधे राहा एवढंच तर सांगतो बिचारा. मधे राहणं किती जड जातं ते त्यांना पुढे आम्हीच दाखवलं, मी आणि त्यांच्या मुलीने.

आम्ही घर घेतलं ते शहराच्या कडेला, नव्या वसाहतीच्या अगदी शेवटच्या ओळीत. मागच्या भिंतीपलीकडे पाणथळ जागा होती. लव्हाळी, चिखल, बेडूक, दोन-चार पांढरे पक्षी आणि खालच्या टोकातून निघून पुढे शेतांकडे जाणारा एक बारीक ओढा. घर विकणाऱ्याने "मागे निसर्ग आहे" असं सांगून त्याचेही आमच्याकडून दाम वसूल केले होते. मामांना घर दाखवायला नेलं. ते सगळीकडे फिरले, भिंतीवरून मागे डोकावले आणि म्हणाले, घर छान आहे, फक्त पाणी तुमच्याआधीपासून इथं राहतंय एवढं लक्षात ठेवा. आम्ही हसलो.

पुढच्या पावसाळ्यात पाणी आलं. दारातून नाही. आधी बाथरूमच्या जाळीतून गुळण्या केल्यासारखा आवाज, मग काळपट पाणी, मग ते सावकाश बाहेरच्या खोलीत, चपला न काढता आल्यासारखं. गाद्या टेबलावर, लेक कडेवर, आणि आम्ही दोघं आळीपाळीने बादल्या भरत होतो. कपाटाची खालची फळी फुगली, तिच्यात लग्नाचा अल्बम होता. तेव्हापासून बायको खालच्या फळीवर काही ठेवत नाही. लेकीला खोकला लागला तो महिनाभर. डॉक्टर म्हणाले, ओल आहे, भिंती वाळू द्या. मी विचारलं, भिंती वाळत कुठे घालू? डॉक्टर हसले नाहीत. बायकोही हसली नाही. तीन पावसाळे असे गेले, आणि तिसऱ्यानंतर माझे विनोद घरात कुणी ऐकेनासं झालं.

मग एकदाची बातमी आली की वसाहतीला नवी ड्रेनेज लाइन मंजूर झाली, आणि तिचा नकाशा मामांच्या टेबलावर आला. वसाहतीत आमचा भाव वधारला. सोसायटीचे अध्यक्ष, ज्यांचं टायरचं दुकान आहे आणि ज्यांना सगळे टायरवाले म्हणतात, ते मला स्वतःहून नमस्कार करायला लागले. सासरा ड्रेनेजमध्ये असणं हा तोवर चेष्टेचा विषय होता, आता तो मानाचा झाला.

लाइन न्यायला दोन वाटा होत्या. एक सरळ, पाणथळीच्या पोटातून, तीन महिन्यांत होणारी. दुसरी रस्त्याच्या कडेने वळसा घालून; त्यासाठी रस्ता खोदायची परवानगी लागणार आणि ती यायला दोन वर्षं. साहेबांच्या कॉम्प्युटरवरून छापून आलेल्या नकाशात पाणथळीच्या जागी काहीच नव्हतं, कोरा कागद. उन्हाळ्यात मोजणी झाली होती, तेव्हा ती सुकलेली दिसली असणार. मामांनी त्या कोऱ्या जागेवर पेन्सिलने गवताचे छोटे छोटे झुपके काढले. दलदलीची नकाशातली खूण ती. पोराने वहीत काढावेत तसे, एकेक. आणि लाइन वळशाने दाखवली.

वसाहतीत मग जे व्हायचं ते झालं. सभेत कुणीतरी म्हणालं, स्वतःची मुलगी पाण्यात बसलीय आणि यांना बेडकांचा पुळका. बायको त्या सभेत होती. घरी आल्यावर तिने भांडी जरा जोरात लावली.

मलाही ते पटत नव्हतं, हे कबूल करायला हवं. रविवारी मामा आले तेव्हा मी त्यांना मागच्या भिंतीशी गाठलं. म्हटलं, मामा, पाइप बंद असतो, जमिनीखालून जातो. बेडूक वर राहतात. कुणाचा कुणाला त्रास? तेव्हा मामांनी जे सांगितलं ते मामींनासुद्धा माहीत नव्हतं.

नोकरीला लागून तीन-चार वर्षं झाली होती तेव्हा त्यांना शहराच्या दुसऱ्या टोकाची एक लाइन मिळाली होती. तिच्याही वाटेत अशीच पाणथळ जागा. तरुण वय, काम असं करायचं की कुणी बोट ठेवू नये. पाइप हलू नये म्हणून त्याच्या खाली आणि अंगाभोवती खडी घालतात. मामांनी ती चाळून, धुऊन, टोकापासून टोकापर्यंत एकसारखी घातली. मोठे साहेब इतरांना घेऊन ती बघायला आले. वर्षाचं उत्तम काम म्हणून मामांना भिंतीवरचं घड्याळ मिळालं. चार वर्षांत ती दलदल इतकी टणक झाली की मुलं तिथं खेळायला लागली. खालचा ओढा पाऊस असेल तेवढेच दिवस वाहायचा. भाजीवाल्यांच्या विहिरी आटल्या. सगळ्यांनी पावसाला दोष दिला. मग एकदा एक सांधा दुरुस्त करायला चर उघडला आणि मामा आत उतरले. पाइप बाहेरून ठणठणीत होता, कुठे चीर नाही. आणि त्याच्या अंगाभोवतीच्या त्या सुंदर खडीतून स्वच्छ, गार पाणी झुळझुळ वाहत होतं, सगळं मोठ्या गटाराकडे.

"पाइपातून थेंब गळला नाही," मामा म्हणाले. "सगळं पाणी पाइपाच्या बाहेरून गेलं. मी जितकं चांगलं काम केलं तितकं लवकर गेलं."

पाणथळ म्हणजे खाली चिकणमातीचं भांडं असतं. आपण चर खणून त्याला भोक पाडतो आणि वर खडीची वाट करून देतो. मी विचारलं, मग तिथं आता काय आहे? मामा म्हणाले, पाणी गेलं की ती जमीन होते, जमीन झाली की घरं होतात आणि घरं झाली की ती गटार मागतात. इमारती उभ्या राहिल्यात तिथं. जमीन खाली बसतेय तशा मागच्या भिंती तडकतायत. पत्ता हवा असेल तर देतो.

वळशाची लाइन साहेबांनी नाकारलीच. पण मामांची एक अट त्यांनी मान्य केली, बहुधा त्यांना गप्प बसवायला. पाणथळीतल्या चरात दर दहा मीटरला खडी थांबवायची आणि तिथं चिकणमातीची चराएवढी आडवी भिंत ठोकून बसवायची, म्हणजे पाइप पुढे जाईल पण बाहेरचं पाणी जागच्या जागी अडेल. मामा त्याला बूच म्हणत. आणि प्रत्येक बूच मामांनी डोळ्यांनी बघितल्याशिवाय चर बुजवायचा नाही, असं कागदावर लिहून घेतलं.

काम सुरू झालं आणि रेंगाळलं. चिकणमाती लांबून आणायची, थर देऊन ठोकायची, अर्धा दिवस एका बुचात. मुकादम वैतागला. तो म्हणायचा, साहेब, बूच बाटलीला लावतात, जमिनीला कोण लावतं? मामा म्हणायचे, तू जमीन सांडतोयस म्हणून लावायचं. उन्हात ते डोक्याला रुमाल बांधून चराच्या काठाशी उभे. आमच्या गच्चीवरून दिसायचे. बायको वाळत घातलेले कपडे काढायला जायची आणि तिकडे न बघता खाली यायची.

पावसाळा महिन्यावर आला तेव्हा टायरवाले माझ्याकडे आले. आधी हवापाण्याच्या गप्पा मारल्या. मग म्हणाले, सासरेबुवा थकलेत हो उन्हात. एखादा दिवस घरी बोलवा, जेवू घाला, आराम करू द्या. मुकादम म्हणतो, एक दिवस मोकळा मिळाला तर सत्तर मीटर उरकतो. शेवटचं वाक्य ते पायात चपला घालताना बोलले, जसं काही सहज आठवलं.

मी बायकोला सांगितलं. फक्त पहिला भाग सांगितला, बाबांना जेवायला बोलवू या का, एवढाच. तिने हातातलं काम थांबवून माझ्याकडे बघितलं. ती बुडबुड्याची मुलगी, तिला सगळं कळलं. म्हणाली, "बोलव. मंगळवारी बोलव."

मामांना इतका आनंद झाला की मला दिवसभर त्यांच्याकडे नीट बघवलं नाही. नकाशाच्या भानगडीपासून मुलीने त्यांना जेवायला बोलावलं नव्हतं. त्यांनी रीतसर रजा टाकली, इस्त्रीचा शर्ट घातला, नातीसाठी रंगीत खडू आणले. मुकादमाला सांगून आले की आज फक्त खणा, बुजवू नका. बायकोने त्यांच्या आवडीचं सगळं केलं. ते पोटभर जेवले, कुणी आग्रह न करताच दोनदा वाढून घेतलं. दुपारी झोपले. उठून स्वयंपाकघरातला गळका नळ दुरुस्त केला. संध्याकाळी जायला निघाले तर बायकोनेच थांबवलं, बाबा, चहा घेऊन जा. चहा झाला, मग नातीबरोबर चित्र काढून झालं. मागच्या भिंतीपलीकडून दिवसभर फावड्यांचा आवाज येत होता. मी रेडिओ लावला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा कामावर गेले तर चर नव्हता. सपाट माती, वरून पाणी मारलेलं. मुकादम म्हणाला, बुचं टाकलीत साहेब, सगळी टाकलीत, विश्वास ठेवा. मामांनी वाद घातला नाही. एक लांब सळई मागून घेतली आणि पावलं मोजत निघाले. ताज्या भरावात सळई सहज जाते. चिकणमातीत ती रुतते आणि वर येताना माखून येते. खडीत खरखरते. मी ऑफिसला निघालो होतो, ते बघून थांबलो. दर दहा मीटरला मामा सळई घालत आणि पुढे जात. सात ठिकाणं होती. प्रत्येक ठिकाणी ती खरखर मला रस्त्यावर उभं राहून ऐकू आली, किंवा आली असं वाटलं. शेवटी त्यांनी मुकादमाला काहीतरी विचारलं, आणि मुकादमाने आमच्या घराकडे बोट दाखवलं.

मामा आले ते दारातच उभे राहिले. पाय चिखलाचे होते. मी तोंड उघडायच्या आत बायको पुढे आली.

"जेवायला मला तू बोलावलंस की आणखी कुणी?" मामांनी विचारलं.

"मीच बोलावलं. आणि मुद्दाम बोलावलं."

मामांनी नुसती मान हलवली, जशी ते उताराचा आकडा ऐकून हलवतात.

"तीन वर्षं झाली बाबा," ती म्हणाली. "पोरीला टेबलावर बसवून भरवते मी. खाली उतरू नको, खाली उतरू नको, एवढंच तिला सांगते. तुम्ही रोज त्या बेडकांसाठी उन्हात उभे राहता. माझ्यासाठी एक दिवस घरात बसलात तर काय बिघडलं?"

"सत्तर मीटर बिघडलं."

"मला मीटर नका सांगू."

"तुझी ही मागची भिंत त्याच जमिनीवर आहे. पाणी गेलं की ती बसेल. आणि तो ओढा..."

"कधी बसेल?"

"पाच वर्षांनी. सात वर्षांनी."

"मला या पावसाळ्याचं सांगा."

मामा वळले आणि गेले. बोलावण्यात माझा हात किती, हे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं. टायरवाल्यांचं नाव घ्यायला तर काहीच हरकत नव्हती. पण नाव घेतलं असतं तर चपला घालताना ते काय बोलले आणि मी ते कसं ऐकलं, हेही सांगावं लागलं असतं.

मामांच्या निवृत्तीला चार महिने उरले होते. साहेबांनी त्यांना समजावलं की आता बुजलेलं बुजलं, जाता जाता कशाला वाकडेपणा. मामांनी अहवाल दिला. सत्तर मीटर उकरून बुचं घालावीत, असं लिहिलं. आणि त्याच अहवालात लिहिलं की त्या दिवशी आपण कौटुंबिक कारणाने जागेवर नव्हतो, सबब देखरेखीतली चूक आपली. कौटुंबिक कारण म्हणजे आम्ही. त्या एका ओळीसाठी त्यांना लेखी ताकीद मिळाली, चौतीस वर्षांतली पहिली, आणि ती त्यांच्या कागदपत्रांत कायमची बसली. अहवालाची प्रत घरी आणून त्यांनी मामींना वाचून दाखवला, आणि मामींनी मला फोनवर. मामींचा आवाज शांत होता. त्याचाच जास्त त्रास झाला.

कंत्राटदाराने तीन आठवडे पत्रापत्री केली आणि मग उकरायला घेतलं. निम्मं उकरून झालं तोच पाऊस आला. उघडा चर भरला, काम थांबलं, लाइन अर्धवट. वसाहतीतल्या बावीस घरांत पाणी शिरलं, आमचं धरून. लोकांनी आमच्याशी बोलणं टाकलं. जे बोलायचे ते म्हणायचे, सासऱ्यांना सांगा, बेडकांचीच सोसायटी काढा म्हणावं. टायरवाले माझ्याकडे बघून रस्ता ओलांडायचे. मुकादमाला बोट दाखवायला शिकवलं कुणी, हे मी त्यांना कधी विचारलं नाही.

त्या वर्षी आमच्या घरात अकरा दिवस पाणी होतं. पहिल्याच दिवशी सकाळी दार वाजलं. मामा होते, खांद्यावर हातपंप, कुठून तरी मागून आणलेला. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. ते पायरीवर उभे राहिले, आत यावं की नाही अशा विचारात. बायको पाण्यात उभी होती, हातात बादली. दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

"उभे काय राहिलात," ती म्हणाली. "पाणी विचारून येत नाही, तुम्हीही या."

ते आले. अकराही दिवस आले. पंप मारायचे, जाळीवर ओल्या पोत्यांचा दट्ट्या बसवायचे, फरशी पुसायचे. दोघं एकाच खोलीत कंबर मोडेस्तोवर काम करायचे आणि बोलायचे ते फक्त बादली इकडे द्या, पोतं तिकडे सरकवा, एवढंच. लेक टेबलावर बसून आजोबांना सूचना द्यायची. दुपारी जेवणाची वेळ झाली की मामा हात धुऊन निघून जायचे आणि तासाभराने परत यायचे. पहिल्या दिवशी बायकोने ताट वाढलं होतं. ते तसंच राहिलं. दुसऱ्या दिवशी तिने वाढलं नाही.

पाऊस ओसरल्यावर काम पुन्हा सुरू झालं आणि सातही बुचं बसली. तोवर मामा निवृत्त झाले होते. तरी रोज येऊन चराच्या काठाशी उभे राहायचे. त्यांच्या जागी आलेल्या नव्या आरेखकाने त्यांना हटकलं नाही, उलट बुचं ठोकायची कशी ते विचारून घेतलं. मागच्या वर्षी घरात पाणी आलं नाही. लव्हाळी आहे तशी आहे. ओढा उन्हाळ्याच्या शेवटापर्यंत वाहत होता, बोटभर का होईना. बायको आता कपडे वाळत घालायला गेली की कधी कधी भिंतीवरून मागे बघते. काय बघते ते मी विचारत नाही. भिंतीला अजून तडा नाही, ते मात्र मीही जाऊन बघतो, तिची पाठ वळली की.

मामा येतात. नातीला फिरायला नेतात, माझी चेष्टा करतात, मुलीशी पावसाबद्दल आणि मामींच्या गुडघ्याबद्दल बोलतात. चहासुद्धा घेतात. पण जेवणाची वेळ व्हायला आली की ते उठतात. मी दर रविवारी त्यांना जेवायला थांबा म्हणतो. बायको स्वयंपाकघरात असते, तिथला आवाज तेवढ्यापुरता थांबतो. मामा चपलांत पाय घालत म्हणतात, "बघू. कुठे चर उघडा नाही ना, ते बघून सांगतो."

शहरात सध्या कुठेच चर उघडा नाही. मी खात्यात जाऊन विचारून आलोय.